तोआकासे आत्याचं उठणं

तोआकासेला जन्मात कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि आजारपणात तेच तिच्या मुळावर आलं.

आमच्या वावाउ बेटावर आत्या म्हणजे घरातलं सगळ्यात वरचं माणूस. भावाच्या पोरांनी तिच्याहून उंच जागी बसायचं नाही, तिला उलट बोलायचं नाही, आणि तिने मागितलं ते द्यायचं, मग ते डुक्कर असो नाहीतर पोटचं पोर. लग्नात आणि मयतात पुढची चटई तिची, पहिलं ताट तिचं, झाडाची साल कुटून केलेल्या कापडाचा सगळ्यात मोठा तागाही तिचाच. तोआकासेचा भाऊ कधीच वारला होता. त्याचा मुलगा सेमीसी, आणि सेमीसीला बहीण नाही. त्यामुळे सेमीसीची आत्याही तीच आणि त्याच्या पोरांच्या कार्यात मान घ्यायलाही तीच. एका बाईच्या वाट्याला एवढा मान आला की ती बिघडणारच, पण तोआकासे फारशी बिघडली नाही. मानाच्या जागेवर बसून बसून तिला कंटाळा यायचा. नवरा गेल्यावर ती माहेरच्या जमिनीवर परत आली, सेमीसीच्या घरासमोर रस्त्यापलीकडे दोन खोल्यांच्या घरात राहिली, आणि दारातल्या नीरफणसाखाली ओंडका टाकून साल कुटत बसली.

साल कुटणं हे तिचं खरं राज्य होतं. ओल्या सालीची पट्टी ओंडक्यावर घालायची आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत ती रुंद करायची. ओंडक्याच्या या बाजूला ती, त्या बाजूला तिची बालमैत्रीण लूपे. एकीचा ठोका पडला की दुसरीचा मधल्या फटीत पडायचा. गावातल्या लोकांना घड्याळ बघावं लागत नव्हतं. ठोके सुरू झाले की सकाळ झाली, थांबले की जेवायची वेळ झाली.

रक्तदाबाच्या गोळ्या तिला दिलेल्या होत्या. गोळ्या बरं नसलं की घ्यायच्या आणि बरं असलं की वाचवून ठेवायच्या, असं तिचं शास्त्र होतं. डब्यातल्या खारवलेल्या मांसाशिवाय तिला घास उतरत नसे. एका सकाळी तिचा ठोका पडलाच नाही. लूपेने वर पाहिलं तर तोआकासेचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि मोगरी मांडीवर पडलेली होती. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि जिभेचा अर्धा भाग.

नेइआफूच्या इस्पितळातून ती परत आली ती थेट सेमीसीच्या घरी. ते कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. आजारी आत्या वेगळ्या घरात ठेवली तर गावाने सेमीसीच्या तोंडात शेण घातलं असतं. पुढच्या खोलीत खाटेवर तिची गादी पडली आणि सेवा सुरू झाली. सेवा करणारी मुख्यतः एकच, सेमीसीची बायको मेलेनाइते. ती दुसऱ्या बेटावरून आलेली, कमी बोलणारी, हाडापेराने मोठी बाई. घरात मानाच्या उतरंडीत आत्या सगळ्यात वर आणि मेलेनाइते सगळ्यात खाली. तिने आत्याला न्हाऊ घातलं, वेणी घातली, कोनफळ कुस्करून घास घास भरवलं. आत्याने पेल्याकडे नुसतं पाहिलं की पेला ओठांशी यायचा. उठायचं म्हटलं की घरातल्या दोघातिघांनी दंडाला धरून तिला उचललंच. गावातल्या बाया येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, नातेवाईक असावेत तर असे.

आरोग्य केंद्रातली नर्स पिसिला दर आठवड्याला सायकलवरून यायची. तिने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. ती मेलेनाइतेला समजावून सांगायची की दुखऱ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळेल. डाव्या हाताने जमतं ते त्यांना करू द्या, उजव्याने जमत नाही तेही करू द्या. हात वापरला नाही तर हात विसरतो. मेलेनाइते मान डोलवायची. पिसिलाची सायकल वळणाआड गेली की पेला पुन्हा ओठांशी यायचा. तिचं तरी काय चुकत होतं म्हणा. गावभर दारं उघडी आणि बायांचे डोळे त्याहून उघडे. आत्या चाचपडत पेला शोधतेय आणि सून हातावर हात ठेवून बसलीय, हे कुणी पाहिलं असतं तर पिसिला काय उत्तर द्यायला येणार होती?

आणि खरं सांगायचं तर आत्यालाही पहिल्यांदा ते गोड लागलं. थकवा इतका यायचा की तोंड पुसून घेतलं तरी झोप लागायची. कधी कारण नसताना डोळ्यांतून पाणी यायचं, कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून ती पडायची. पिसिला म्हणाली, या दुखण्यात मनालाही वारं लागतं, त्यात लाज वाटून घेऊ नका.

मग एका दिवशी पिसिलाने वेगळाच प्रश्न विचारला. आतापर्यंत सगळे तिला काय हवं, काय नको, उशी की पाणी, एवढंच विचारायचे. पिसिला चटईवर बसली आणि म्हणाली, "आजी, बरं व्हायचंय ते कशासाठी?"

तोआकासेला शब्द जुळवायला वेळ लागला. जीभ जड होती आणि उत्तरही. "माझ्या घरी. एकटी," ती म्हणाली.

"तिथे एकटीला काय काय करावं लागेल?"

मग दोघींनी मिळून ते घर मनातल्या मनात फिरून पाहिलं. गोळ्या रोज घ्याव्या लागतील, बरं असलं तरी. चूल पेटवावी लागेल. परसातल्या संडासापर्यंत चालावं लागेल. हे सगळं जमण्यासारखं होतं, काठीने चार पावलं ती तेव्हाही टाकायची. पण तोआकासेचं सगळं आयुष्य जमिनीवर गेलेलं. जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, काम जमिनीवर. जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता आलं नाही तर त्या घरात ती पहिल्याच सकाळी अडकून पडली असती. पिसिलाने तिला उठायची रीत दाखवली. डाव्या कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग गुडघ्यांवर, समोर काहीतरी घट्ट आणि ठेंगणं ठेवून त्यावर हात रोवायचे, धड पाय पुढे टाकायचा आणि त्या पायावर भार देऊन वर यायचं. सांगायला दोन ओळी, करायला अख्खा डोंगर.

पण करायचं कुठे? आत्या कुशीवर वळली की तिघं धावायचे. तिने जिभेचा जोर करून "नको" म्हटलं तर ते त्यांना तिच्या मोठेपणाचं लक्षण वाटायचं. त्रास द्यायला नको म्हणतात बिचाऱ्या, असं म्हणून ते अजून जोरात उचलायचे. आज्ञा द्यावी तर आज्ञेसाठी लांब वाक्य लागतं, आणि तिची वाक्यं तेव्हा मध्येच सांडायची.

त्यातच सेमीसीचा थोरला मुलगा विलिसोनी याचं लग्न ठरलं. नवीन जोडप्याला घर हवं. समोर एक घर रिकामं पडलेलं. घरात हे तिच्यासमोर कुणी बोललं नाही, कारण आत्यासमोर तिच्याच घराचा विषय काढायची हिंमत कुणाची? तिला कळलं ते वेगळ्याच रीतीने. एका सकाळी सेमीसी आणि विलिसोनी नीरफणसाखालचा तिचा ओंडका खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी तो मागच्या परसात नीट ठेवला. आत्याला इथे करमावं म्हणून आणला, असं सेमीसीने मोठ्या प्रेमाने सांगितलं. प्रेमच होतं ते, त्यात खोट नव्हती. तोआकासे त्या दिवशी जेवली नाही. ओंडका तिथून हलला म्हणजे घर गेलं, हे तिला कळलं होतं.

मग तिने रविवार धरला. आमच्याकडे रविवारी कुत्रंसुद्धा जोरात भुंकत नाही. सगळं गाव देवळात. आत्याने थकव्याचं निमित्त सांगून मागे राहायला सुरुवात केली. मेलेनाइतेला घरी थांबायचं होतं, पण आत्याने डाव्या हाताने जा म्हणून खूण केली, आणि आत्याने जा म्हटलं की जायचं. घर रिकामं झालं की ती चटईवर उतरायची आणि कुशीवर, कोपरावर, गुडघ्यावर यायचा सराव करायची. लोक म्हणू लागले, तोआकासे खचली, देवळातही येईना. इकडे ती गुडघ्यांवर येऊन खाटेच्या पायाला मिठी मारून घामाघूम होत होती.

लोकांची कुजबुज पाळकसाहेबांच्या कानावर गेली. भला माणूस. एका रविवारी प्रवचन आटोपतं घेऊन ते थेट आत्यासाठी प्रार्थना करायला आले आणि दारात उभे राहिले तर आत्या जमिनीवर चारी पायांवर, केस सुटलेले. त्यांनी आरोळी ठोकली. देवळातून निघालेलं निम्मं गाव अंगणात शिरलं. ज्याच्या हाती जो अवयव लागला त्याने तो धरला, आणि उजवा हात लागला तो नेमका तालमीतल्या एका गड्याच्या. खांद्यात कळ गेली ती अशी की तोआकासेच्या तोंडून किंकाळी निघाली, आणि ती किंकाळी सगळ्यांनी पडल्याची म्हणून ऐकली.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. आत्याला एकटी सोडून सून देवळात नटून बसली होती आणि इकडे म्हातारी पडली, असं गावभर झालं. बायांनी मेलेनाइतेला ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकींना सांगितलं. सेमीसी बायकोशी दोन दिवस बोलला नाही. आणि तोआकासे? तिला बोलता आलं असतं, थोडं थोडं. पण खांदा पेटला होता, आणि मानाची आत्या लपूनछपून जमिनीवर रांगत होती हे सांगायची तिला लाज वाटली. ती गप्प राहिली. मेलेनाइते रोजच्यासारखी तिचे पाय धूत होती आणि धुता धुता तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच पाण्यात पडत होतं. ते तोआकासेने पाहिलं आणि ती मेल्याहून मेल्यासारखी झाली.

तिसऱ्या दिवशी घरात दुसरं कुणी नाही असं पाहून तिने डाव्या हाताने मेलेनाइतेचं मनगट धरलं.

"पडले नव्हते," ती म्हणाली. "उतरले होते. उठायला शिकत होते."

मेलेनाइतेने पाण्याचं घमेलं बाजूला सारलं. मग या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती आत्याला उलट बोलली. "तुम्ही उठायला शिकलात तर तुम्ही जाल तुमच्या घरी. आणि गाव काय म्हणेल? म्हणेल सुनेने हाकलली. पडलात तरी माझ्यावर, उठलात तरी माझ्यावर. मी काय करू आत्या, तुम्हीच सांगा."

आत्याने तिचं मनगट सोडलं. मग मेलेनाइते उठली, परसात गेली आणि बिस्किटांचा मोठा चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन आली. तो तिने काठोकाठ वाळूने भरला होता. खाटेचा पाय सरकतो, डबा सरकणार नाही, असं ती म्हणाली. डबा आत्यासमोर ठेवून तिने दाराला पडदा लावला, धुतलेल्या कपड्यांची टोपली ओढली आणि आत्याकडे पाठ करून घड्या घालत बसली.

पाठ का केली, असं आत्याने विचारलं. "तोंड तुमच्याकडे असलं तर हात आपोआप पुढे जातात," मेलेनाइते म्हणाली.

खांदा बसायला वेळ लागला, पण या वेळी पिसिलाला खरं सांगितलेलं होतं. तिने घाई करू नका म्हटलं, आणि हातासाठी दुसरं काम सुचवलं. मग लूपेला कटात घेतलं. मागच्या परसातला ओंडका आता उपयोगी पडला. मोगरीच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड केली, म्हणजे अर्धवट मिटणाऱ्या बोटांत मावेल. त्या पहिल्या दिवशी तोआकासेचा ठोका कधी सालीवर पडायचा, कधी ओंडक्यावर, कधी लूपेच्या बोटांच्या इतक्या जवळ की लूपे हात काढून घ्यायची.

"अगं, कूट, सालीला कूट. माझ्यावर कसला सूड उगवतेस?" लूपे म्हणायची. "तरुणपणी तुझ्यावर लाइन मारणारा माझ्या गळ्यात पडला, त्याचा का?"

"घेऊन जा म्हटलं... होतं... तेव्हाच," आत्या म्हणायची.

लूपेची ही बडबड औषधापेक्षा कमी नव्हती. बाकी सगळं गाव तोआकासेशी देवळातल्या आवाजात बोलायचं. एकटी लूपे तिला शिव्या द्यायची, ठोका चुकला की खी खी हसायची, आणि स्वतःचा ठोका मात्र एका लयीत चालू ठेवायची. त्या लयीची फट तोआकासेच्या कानाला ओळखीची होती. हात विसरला होता, कान विसरला नव्हता. कान हाताला ओढून नेऊ लागला. शेजारीपाजारी ठोके ऐकून समाधानाने म्हणायचे, लूपे बिचारी मैत्रिणीला करमावं म्हणून तिच्यासमोर साल कुटते. दोन मोगऱ्या वाजतायत हे बराच काळ कुणाच्या लक्षातच आलं नाही.

डब्यातलं मांस बंद झालं. आत्याने त्यासाठी आठवडाभर तोंड फुगवलं आणि अळूची पानं नुसत्या नारळाच्या दुधात चवीला गवतासारखी लागतात, असं जाहीर केलं. गोळ्या सकाळच्या प्रार्थनेला जोडून दिल्या, म्हणजे चुकायच्या नाहीत. "आमेन आणि गोळी," असं मेलेनाइते म्हणायला लागली. तिला विनोद करता येतो हे घरात तोपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि पडद्याआड डबा. कितीदा ती गुडघ्यांवरून परत बसली त्याला गणती नाही. मेलेनाइतेने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एक दिवस आवाज आला नाही, धापही ऐकू आली नाही, म्हणून तिने न राहवून मान वळवली, तर आत्या उभी होती. भिंतीला धरून, वाकडी, पण उभी. मेलेनाइतेने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

आता सांगायचं कधी, एवढाच प्रश्न राहिला होता. लग्न तोंडावर आलं होतं. विलिसोनीने समोरच्या घराला रंगही लावला होता, सुंदर निळा. मेलेनाइते म्हणाली, सेमीसीला मी हळूच सांगते. आत्या नको म्हणाली. घरात हळूच सांगितलं तर गावात मेलेनाइतेवरचा डाग तसाच राहणार होता. जे सगळ्या गावासमोर लागलं ते सगळ्या गावासमोरच धुवायला हवं, असं तिचं मत पडलं, आणि ती जागा आयती चालून येत होती.

लग्नाच्या मांडवात आत्या पुढच्या चटईवर बसली. म्हणजे दोघांनी तिला आणून बसवली, नेहमीसारखी, आणि तिने बसवू दिली. कमरेला रीतीप्रमाणे केवड्याच्या पानांची जुनी मानाची चटई बांधलेली, केस विंचरलेले. समोर अख्खी भाजलेली डुकरं, कोनफळांचे ढीग, कलिंगडाची सरबतं. तिच्या उजव्या बाजूला मेलेनाइतेने सालीच्या कापडाच्या तुकड्याने झाकलेली एक चौकोनी वस्तू आणून ठेवली. बिस्किटांचा डबा असावा असं सगळ्यांना वाटलं आणि तो बिस्किटांचाच डबा होता. एवढ्या मोठ्या आत्यासमोर बिस्किटं ठेवली म्हणून दोघीतिघींनी नाकं मुरडली.

केक आला, सालीच्या कापडाचा सगळ्यात लांब तागा आला, आणि रीतीप्रमाणे सेमीसी खाली मान घालून आत्यासमोर बसला. आत्याला अजून काही हवं आहे का, असं त्याने विचारलं. हे विचारायचंच असतं. आत्या नाही म्हणून मान हलवते आणि जेवणं सुरू होतात.

तोआकासेने मान हलवली नाही. तिने हे वाक्य कितीतरी दिवस लूपेच्या ठोक्यावर घोटून घेतलं होतं. ती हळू बोलली, पण मांडव इतका शांत झाला की मागच्या माणसालाही ऐकू गेलं.

"त्या रविवारी मी पडले नव्हते. स्वतः खाली उतरले होते. मेलेनाइतेने मला सोडलं नव्हतं, मीच तिला घालवलं होतं. तिला बोल लावलात, आणि मी गप्प बसले. ती लाज माझी आहे." तिने श्वास घेतला. "आता मागणी. मला माझं घर हवं. तिथे मला कुणी भरवायचं नाही. कुणी उचलायचं नाही."

सेमीसीच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणावं तर अख्खं गाव ऐकतंय. तो खालच्या मानेनेच म्हणाला, "आत्या, लोक म्हणतील सेमीसीने आत्याला टाकलं. तुम्ही पडलात तर मी तोंड कुठे लपवू?"

"लोक इथेच आहेत," आत्या म्हणाली. "बघू दे त्यांना. मी उभी राहीपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही."

आणि तिने डब्यावरचं कापड काढलं.

डाव्या कुशीवर वळली. कोपरावर आली. मानाची आत्या दोनशे माणसांसमोर, पाळकसाहेबांसमोर, नव्या सुनेच्या माहेरच्यांसमोर लहान पोरासारखी चार अंगांवर आली तेव्हा बायांनी डोळ्यांवर हात घेतले. तिचं कमरेचं आवरण एका बाजूला सरकलं. डबा तिने समोर ओढला, हात रोवले, धड पाय पुढे टाकला आणि जोर केला. अर्ध्यात उजवा गुडघा वळला आणि ती धप्पकन परत बसली.

मांडवातून एकच हाय निघाली. आमच्या लोकांना डुक्कर मारायला सांगा, वादळात होडी घालायला सांगा, पण म्हातारी आत्या धडपडत असताना बसून राहा म्हणून सांगू नका. पाळकसाहेबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तो तालमीतला गडी हुंदके देत होता. सेमीसी अर्धा उठलाच होता, तेवढ्यात त्याच्या गुडघ्यावर एक हात पडला.

"बसा," मेलेनाइते म्हणाली.

चारचौघांत तिने नवऱ्याला कधी एक शब्द सुनावला नव्हता. सेमीसी बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याने हात हलवला नाही.

तोआकासे पुन्हा कुशीवर वळली. पुन्हा कोपर, पुन्हा गुडघे. डुकरांवरची चरबी गार होऊन पांढरी पडली, पोरं पेंगायला लागली, पण कुणी हललं नाही. कुठेतरी मागे लूपे दोन बोटांनी चटईवर ठोके देत होती, फट ठेवून. तोआकासेने धड पाय पुढे टाकला, त्या फटीत जोर केला, आणि ती वर आली. डुलली, काठी शोधली, सावरली. मग डाव्या हाताने कमरेची चटई नीट केली, कारण वाकड्या चटईने मांडवात उभं राहणं शोभत नाही.

टाळ्या वगैरे आमच्यात नसतात. पाळकसाहेबांनी खाकरून जेवणाची प्रार्थना म्हटली आणि आवाज मध्येच फुटला म्हणून ती लवकर संपवली. सालीच्या कापडाचा तो लांब तागा आत्याने मेलेनाइतेच्या अंगावर टाकायला सांगितला. तो कसा घ्यावा हे मेलेनाइतेला कळेना, तशा तिला बोल लावणाऱ्या त्याच बाया पुढे झाल्या आणि त्यांनी तो तिच्या खांद्यावर नीट बसवला. विलिसोनी आणि त्याची बायको सेमीसीच्या मागच्या खोलीत राहिली. ओंडका दुसऱ्याच दिवशी पुन्हा रस्ता ओलांडून नीरफणसाखाली गेला. निळा रंग तसाच राहिला. आत्या म्हणाली, रंग बरा आहे.

सगळं आबादीआबाद झालं असं नाही. उजवी बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, संध्याकाळी जीभ जड होते, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे दिवसही मधूनमधून येतात. पिसिला येते, रक्तदाब बघते, ओरडते आणि जाते.

त्या घरातल्या पहिल्या सकाळी मेलेनाइते सवयीने उकडलेल्या कोनफळाची थाळी घेऊन रस्ता ओलांडून गेली. आत्या आतल्या भिंतीशी जमिनीवर बसलेली. दोन पावलं पुढे टाकून थाळी तिच्या मांडीशी ठेवायची, एवढंच. मेलेनाइते उंबऱ्यात थांबली. तिने थाळी उंबऱ्यापाशी ठेवली, शेजारी बसली आणि रस्त्याकडे तोंड केलं. मागे डबा ओढल्याचा आवाज आला, मग धाप, मग बराच वेळ काही नाही, मग काठी. आत्या दारापर्यंत आली, चौकटीला धरून हळूहळू तिच्याजवळ बसली आणि डाव्या हाताने कोनफळाचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा तिने मेलेनाइतेपुढे धरला. आत्याच्या हातून घ्यायचं नसतं, आत्याला वाढायचं असतं.

"खा," आत्या म्हणाली. "गार झालंय."

मेलेनाइतेने तुकडा घेतला. "होणारच," ती म्हणाली. "तुम्हाला उठायला केवढा वेळ लागतो."